इतर हक्कातली माणसं

१५ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प आणि रशियाचे अध्यक्ष व्लादिमिर पुतिन अलास्कातल्या अँकरेज शहरालगतच्या लष्करी तळावर भेटले. लाल पायघड्या घातल्या गेल्या, हस्तांदोलनं झाली, जवळपास तीन तास बोलणी झाली आणि करार काही झाला नाही. बोलणी युक्रेनबद्दल होती. म्हणजे बऱ्याच अंशी युक्रेनच्या जमिनीबद्दल होती. युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की मात्र त्या खोलीत नव्हते. त्यांना बोलावलंच नव्हतं. हे दोघं ज्या भूमीवर उभे होते ती एके काळी रशियाची होती आणि अमेरिकेनं ती रोख पैसे मोजून घेतली होती, हा योगायोग त्या वेळी बहुतेकांनी नोंदवला. मला तो योगायोग जरा आणखी खोल वाटतो. अलास्काच्या त्या व्यवहारातही, ज्यांच्या पायाखालची जमीन विकली जात होती ती माणसं खोलीत नव्हती.

आयुष्याची उमेदीची वर्षं बँकेत गेल्यामुळे असेल, पण इतिहासातल्या लढायांपेक्षा मला त्यातले व्यवहार लवकर कळतात. अलास्काचा चेक अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवलेला आहे. चेक म्हणायचं ते आपल्या सोयीसाठी. खरं तर ते सरकारी तिजोरीवर काढलेलं वॉरंट. रक्कम ७२ लाख डॉलर. नाव रशियाचे वॉशिंग्टनमधले राजदूत एडवर्ड द स्टेकल यांचं. तारीख १ ऑगस्ट १८६८. आता ही तारीख पाहून कुठल्याही बँकवाल्याच्या भुवया उंचावतील. कारण खरेदीचा तह झाला ३० मार्च १८६७ ला, आणि सिटका गावात रशियाचा झेंडा उतरवून अमेरिकेचा चढवला गेला १८ ऑक्टोबर १८६७ ला. म्हणजे ताबा आधी आणि मोबदला साडेनऊ महिन्यांनी! तहाला सिनेटनं ३७ विरुद्ध २ मतांनी झटपट मान्यता दिली होती, पण पैसे मंजूर करणं प्रतिनिधिगृहाच्या हातात होतं आणि ते काही हलेना. शेवटी जुलै १८६८ मध्ये मंजुरी मिळाली. मिळावी म्हणून काही खिसे गरम झाले असा तेव्हाही बोभाटा झाला, चौकशी समिती नेमली गेली आणि समित्यांचं जे होतं ते झालं.

हा व्यवहार घडवून आणणारा माणूस म्हणजे विल्यम हेन्री स्यूअर्ड, लिंकनचा आणि त्याच्यानंतर जॉन्सनचा परराष्ट्रमंत्री. २९ मार्चच्या संध्याकाळी हा घरी पत्ते खेळत बसला होता. स्टेकल आला आणि म्हणाला, झारची संमती आली आहे, उद्या कचेरीत भेटू. स्यूअर्ड म्हणाला, उद्या कशाला? पत्ते टाकले, कारकुनांना उठवलं, कचेरी उघडली, दिवे लावले आणि पहाटे चारच्या सुमाराला तहावर सह्या झाल्या. महाराष्ट्राच्या सुमारे पाचपट प्रदेश, एकरी दोन सेंट भावानं. ‘स्यूअर्डचा मूर्खपणा’ म्हणून लोकांनी त्याची खिल्ली उडवली असं शाळेच्या पुस्तकांत सांगतात. खिल्ली उडाली हे खरं, पण पुस्तकं सांगतात तेवढी नाही. बऱ्याच वर्तमानपत्रांनी सौदा चांगला म्हटला होता.

सौदा चांगलाच होता. प्रश्न आहे तो कागदाचा. तहाच्या तिसऱ्या कलमात तिथल्या रहिवाशांची सोय लावलेली आहे. ज्यांना रशियाला परत जायचं असेल त्यांनी तीन वर्षांत जावं. राहतील त्यांना अमेरिकन नागरिकांचे सगळे हक्क मिळतील. अपवाद एकच, ‘असंस्कृत’ मूळ जमातींचा. त्यांना अमेरिका वेळोवेळी जे कायदे करील ते लागू होतील. आता अलास्कात रशियन होते किती? हजारभरसुद्धा नव्हते. बाकी सगळे लोक त्या अपवादात बसणारे. म्हणजे मुख्य वाक्यात मूठभर माणसं आणि अपवादात अख्खा मुलूख.

आपल्याकडे सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ म्हणून एक रकाना असतो. मालकाचं नाव ठळक दिसतं. पण ज्याला जमिनीची खरी कुंडली पाहायची असते तो आधी या रकान्याकडे बघतो. बोजा, कुळ, वाट, विहिरीचा हिस्सा, सगळी भुतं तिथे बसलेली असतात. तालुक्याच्या गावी असताना एकदा विहिरीच्या कर्जासाठी जमीन पाहायला गेलो होतो. उतारा स्वच्छ, वकिलाचा सर्च रिपोर्ट स्वच्छ. बांधावर एक खोपट आणि खोपटात एक म्हातारी. मी विचारलं, आजी, तुमचं नाव उताऱ्यावर कुठं दिसत नाही. ती म्हणाली, “कागदावर मी न्हाई सायेब, पर हितं हाय की.” मी अहवालात तसं लिहिलं. कर्ज दोन महिने लांबलं आणि वरिष्ठ माझ्यावर नाराज झाले. असो. अलास्काच्या तहाचं तिसरं कलम वाचताना मला ते वाक्य आठवल्याशिवाय राहत नाही.

सिटकाच्या आसपास राहणाऱ्या ट्लिंगिट लोकांनी जवळजवळ हेच म्हटलं होतं. त्यांचं म्हणणं अगदी व्यवहारी होतं. रशियनांना आम्ही व्यापारासाठी किनाऱ्यावर राहू दिलं. जमीन त्यांना कधी दिली नाही. मग त्यांनी ती विकली कशी, आणि विकली असेल तर पैसे आमच्याकडे का आले नाहीत? याला उत्तर मिळालं ते तोफांचं. १८६९ मध्ये केक आणि रँगल इथल्या ट्लिंगिट वस्त्यांवर, १८८२ मध्ये अँगून गावावर. अँगून हिवाळ्याच्या तोंडावर जाळलं गेलं, साठवलेलं अन्न आणि होड्या यांच्यासकट. अमेरिकन नौदलानं त्याबद्दल माफी मागितली २६ ऑक्टोबर २०२४ ला, बरोबर १४२ वर्षांनी.

माफीला इतका वेळ लागला, पैशाला तेवढा लागला नाही. आणि तो का लागला नाही हे पाहण्यासारखं आहे. १९६८ मध्ये अलास्काच्या उत्तर टोकाला प्रुडो बे इथे तेलाचा मोठा साठा सापडला. तेल दक्षिणेच्या बंदरात आणायचं तर आठशे मैलांची नळवाहिनी टाकायची. पण मूळ रहिवाशांचे जमिनीवरचे दावे शंभर वर्षं तसेच पडून होते आणि त्यांचा निकाल लागेपर्यंत जमिनीचं वाटप थांबवण्याचा आदेश १९६६ पासूनच निघालेला होता. तेलकंपन्यांच्या वकिलांनी उतारा मागवला आणि इतर हक्काचा रकाना भरून वाहताना दिसला! मग त्याच कंपन्या म्हणू लागल्या, मूळ रहिवाशांचं काय ते लवकर देऊन टाका. १९७१ च्या डिसेंबरात निक्सननी कायद्यावर सही केली. चार कोटी चाळीस लाख एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर. १८६७ ला जमीन मिळाली ७२ लाखांत, आणि तिचं टायटल स्वच्छ करायला एकशे चार वर्षांनी हे. डॉलरची किंमत मधल्या काळात बरीच उतरली होती हे मान्य, तरी हिशेब बोलका आहे.

ही पद्धत काही स्यूअर्डनं शोधलेली नव्हती. १८०३ मध्ये जेफर्सनच्या सरकारनं नेपोलियनकडून लुइझियाना घेतला, दीड कोटी डॉलरला. त्यातले एक कोटी साडेबारा लाख सहा टक्के व्याजाच्या रोख्यांत. नेपोलियनला रोकड हवी होती, म्हणून ते रोखे लंडनच्या बेअरिंग आणि अ‍ॅम्स्टरडॅमच्या होप या पेढ्यांनी कसर कापून घेतले. त्या वेळी इंग्लंड आणि फ्रान्स यांचं युद्ध चालू होतं, आणि नेपोलियनच्या हातात पैसा ठेवणारी पेढी लंडनची! पण नेपोलियननं विकलं काय? त्या प्रदेशाच्या बहुतेक भागात त्याचा एक शिपाईही नव्हता. त्यानं विकला तो फक्त इतर युरोपीय सत्तांना दूर ठेवण्याचा हक्क. प्रत्यक्ष जमीन पुढची कितीतरी दशकं तिथल्या जमातींकडून एकेका करारानं, थोडी पैशानं आणि पुष्कळशी बळजबरीनं काढून घ्यावी लागली. १८९८ मध्ये मॅकिन्लेच्या कारकिर्दीत फिलिपिन्ससाठी स्पेनला दोन कोटी डॉलर दिले. आम्हाला कुणी विचारलं नाही, हे फिलिपिनो लोकांनी मग १८९९ पासून तीन वर्षं लढून कळवलं. हाच तो मॅकिन्ले, ज्याचं नाव अलास्कातल्या डेनाली शिखराला परत देण्याचा हुकूम ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ ला, शपथ घेतली त्याच दिवशी काढला. डेनाली हे तिथल्या मूळ लोकांचं नाव.

इथपर्यंत वाचून स्यूअर्ड म्हणजे कुणी जमिनीला हपापलेला, माणसांची पर्वा नसलेला गृहस्थ असं चित्र उभं राहिलं असेल, तर ते साफ चुकीचं आहे. खरी गोष्ट इथेच सुरू होते. मी कादंबऱ्या लिहिल्या त्या अशाच माणसांच्या ओढीनं, जी एका खोलीत एक असतात आणि दुसऱ्या खोलीत दुसरी.

न्यूयॉर्क राज्यात ऑबर्न नावाचं गाव आहे. तिथे स्यूअर्डचं घर होतं आणि त्या घरात त्याची पत्नी फ्रान्सिस. गुलामीविरुद्धची तिची मतं नवऱ्यापेक्षा कडक. तो राजकारणासाठी नमतं घेतोय असं दिसलं की पत्रांतून खडसावायची. दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना त्या घराच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात आसरा मिळत असे, आणि हे कायद्यानं गुन्हा असताना. १८४६ मध्ये फ्रीमन नावाच्या एका मनोरुग्ण काळ्या तरुणानं ऑबर्नजवळ एका कुटुंबातल्या चौघांचा खून केला. गाव त्याला फाडून खायला उठलं होतं. स्यूअर्डनं त्याचं वकीलपत्र फुकट घेतलं आणि गावाचा रोष ओढवून घेतला. १८५० मध्ये सिनेटमध्ये तो म्हणाला की राज्यघटनेच्याही वरचा एक कायदा आहे. हे शब्द त्याला पुढे महाग पडले. १८६० मध्ये अध्यक्षपदाची उमेदवारी त्याला मिळणार असं सगळे धरून चालले होते, ती मिळाली लिंकनला. आणि तो फार जहाल आहे ही समजूत त्याच्या आड आली.

पण मला सगळ्यात भावतो तो १८५९ चा एक छोटा जमीनव्यवहार. हॅरिएट टबमन ही मेरीलंडमधून १८४९ मध्ये पळालेली गुलाम बाई. पळाल्यावर गप्प बसली नाही. तेरा-एक वेळा परत जाऊन सत्तरेक माणसांना रातोरात चालवत बाहेर काढलं. अशा बाईला स्यूअर्डनं ऑबर्नच्या वेशीवर सात एकर जमीन घरासकट विकली. किंमत बाराशे डॉलर, फेड हप्त्यांनी. ही मालमत्ता फ्रान्सिसच्या माहेरची होती आणि खरा पुढाकार तिचाच, असंही अभ्यासक म्हणतात. मला ते सहज पटतं.

या कर्जाचं प्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं तर? १८५० च्या कायद्यानुसार ही बाई दिसताच पकडून मूळ मालकाच्या हवाली करायला हवी. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलेलं, की काळा माणूस अमेरिकेचा नागरिकच असू शकत नाही. म्हणजे कर्जदार करार करायला पात्र आहे की नाही हा प्रश्न दूरच. कर्जदार स्वतःच दुसऱ्या कुणाच्या तरी मालमत्तेच्या यादीत! जामीनदार नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, निरक्षर. आणि कर्ज देणारा कोण, तर अध्यक्षपदाकडे डोळे लावून बसलेला सिनेटर. एवढी जोखीम कुठल्या नियमावलीत बसत नाही. त्यानं ती घेतली, कारण समोरच्या बाईला तो माणूस म्हणून ओळखत होता. तिनं त्या जागेवर आपले म्हातारे आईबाप आणून ठेवले. पुढे यादवी युद्धात ती उत्तरेच्या सैन्याबरोबर होती, दक्षिण कॅरोलायनातल्या एका मोहिमेत सातशेवर गुलाम तिच्या मदतीनं सुटले, आणि एवढं करून सरकारकडून महिना वीस डॉलर पेन्शन मंजूर व्हायला १८९९ साल उजाडलं. त्यातले आठ विधवा म्हणून आणि बारा परिचारिका म्हणून! वीस डॉलरच्या नोटेवर तिचं चित्र छापण्याची घोषणा २०१६ मध्ये झाली, पण ती नोट काही अजून आलेली नाही. तिथे अँड्र्यू जॅक्सन आहे, ज्यानं १८३० मध्ये पूर्वेकडच्या जमातींना मिसिसिपीपलीकडे हाकलण्याच्या कायद्यावर सही केली होती.

तर हा स्यूअर्ड. एका पळालेल्या बाईसाठी कायदा वाकवणारा, आणि आठ वर्षांनी एका रात्रीत हजारो माणसांना ‘अपवाद’ म्हणून लिहून मोकळा होणारा. ढोंगी म्हणून त्याला निकालात काढणं सोपं आहे, पण मला ते खरं वाटत नाही. टबमन त्याच्या गावात राहत होती. ट्लिंगिट नकाशावर राहत होते. नकाशावर माणसं दिसत नाहीत, नद्या आणि बंदरं दिसतात. त्याचा आदर्श असलेल्या जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सचंही असंच. स्यूअर्डनं त्याचं चरित्र लिहिलं आहे. परराष्ट्रमंत्री असताना अ‍ॅडम्सनं १८१९ मध्ये स्पेनकडून फ्लोरिडा मिळवला आणि म्हातारपणी, १८४१ मध्ये, ‘आमिस्ताद’ जहाजावरच्या आफ्रिकनांच्या सुटकेसाठी सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला. ज्यांनी नकाशा विस्तारला आणि ज्यांनी समाज सुधारला अशी दोन वेगळी दालनं आपण कल्पितो. अमेरिकेत बऱ्याच वेळा ते एकच दालन आहे. इतर हक्काचा रकाना वाचून दाखवायला एक बाई यावी लागली. हेलन हंट जॅक्सननं जमातींशी मोडलेल्या करारांची जंत्री १८८१ मध्ये पुस्तकरूपानं छापली आणि स्वखर्चानं काँग्रेसच्या प्रत्येक सभासदाला पाठवली. फार कुणी ते मनावर घेतलं नाही.

त्या काळच्या अमेरिकेकडे आपल्याकडून कुणी पाहत होतं का? पाहत होतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘गुलामगिरी’ अर्पण केली आहे ती गुलामी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. स्यूअर्ड १८७१ मध्ये जगप्रवासात भारतात येऊन गेला होता. त्याच्या त्या प्रवासाचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर आलं, तेही १८७३ मध्येच. फुल्यांना अमेरिकेचं जे रूप दिसलं ते खोटं नव्हतं. ते टबमनच्या सात एकरांवर उभं होतं.

आता ग्रीनलंडकडे येतो, कारण हे सगळं आज पुन्हा वाचावंसं वाटलं ते ग्रीनलंडमुळे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ट्रम्प यांनी ते विकत घेण्याची भाषा प्रथम केली, डेन्मार्कच्या पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी ती कल्पनाच हास्यास्पद ठरवली, आणि ट्रम्प यांनी डेन्मार्कचा दौरा रद्द केला. लोक हसले. २०२५ च्या जानेवारीत ट्रम्प यांनी लष्करी बळाचा पर्यायही नाकारायला नकार दिला, तेव्हा हसणं थांबलं. पण कल्पना ट्रम्प यांची नाही, स्यूअर्डची आहे. ग्रीनलंड आणि आइसलंडच्या साधनसंपत्तीवर त्याच्या खात्यानं १८६८ मध्ये एक अहवालच छापला होता. पुढे १९४६ मध्ये ट्रूमनच्या सरकारनं दहा कोटी डॉलरचं सोनं देऊ केलं होतं. डेन्मार्क नाही म्हणाला.

या प्रकरणात दोन कागद महत्त्वाचे आहेत. पहिला कॅरिबियन समुद्रातल्या डॅनिश बेटांचा. ती स्यूअर्डला १८६७ मध्येच घ्यायची होती. डेन्मार्कनं अट घातली, बेटांवरच्या लोकांचं मत घ्या. स्यूअर्डला ही अट पसंत नव्हती, पण त्यानं ती मानली. मतदान झालं, लोकांनी भरभरून होकार दिला, आणि अमेरिकन सिनेटनं तह मंजूरच केला नाही! ४ ऑगस्ट १९१६ ला पुन्हा सौदा ठरला, अडीच कोटी डॉलरच्या सोन्याला. या वेळी सार्वमत घेतलं ते डेन्मार्कात. बेटांवरच्या लोकांना अधिकृतपणे कुणी विचारलं नाही, आणि हा सौदा मात्र पार पडला. पण त्याच दिवशी, त्याच व्यवहाराचा भाग म्हणून अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री लॅन्सिंग यांनी लिहून दिलं, की डेन्मार्कनं आपले राजकीय आणि आर्थिक हितसंबंध संपूर्ण ग्रीनलंडवर वाढवले तर अमेरिकेची हरकत नाही. ज्याला बँकेच्या भाषेत ना-हरकत दाखला म्हणतात तो हाच. अमेरिकेनं स्वतःच्या सहीनं दिलेला, मोबदल्यात बेटं घेऊन दिलेला.

दुसरा कागद २००९ चा, ग्रीनलंडच्या स्वशासनाचा कायदा. त्यात ग्रीनलंडचे लोक हे आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार स्वयंनिर्णयाचा अधिकार असलेलं ‘लोक’ आहेत असं स्पष्ट लिहिलेलं आहे. अलास्काच्या कागदाहून हा कागद वेगळा पडतो तो इथे. सत्तावन्न हजारांच्या आसपास माणसं, पण त्यांचं नाव उताऱ्यावर लागलेलं आहे. डेन्मार्कच्या मनात आलं तरी विकण्याजोगं टायटल आज त्याच्या हातात नाही. २०२५ च्या जानेवारीतल्या एका मतचाचणीत ८५ टक्के ग्रीनलंडवासीयांनी अमेरिकेत जायला नकार दिला होता. यातून त्यांना डेन्मार्क प्रिय आहे असं मात्र समजू नये. स्वातंत्र्याची मागणी तिथे जुनी आहे, आणि १९६० आणि ७० च्या दशकांत तिथल्या बायकामुलींना, बऱ्याच वेळा न विचारता, गर्भनिरोधक साधनं बसवल्याबद्दल डेन्मार्कच्या पंतप्रधानांना २०२५ मध्ये माफी मागावी लागली आहे.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षांच्या पत्नी उषा व्हान्स ग्रीनलंडमधली कुत्र्यांच्या घसरगाड्यांची शर्यत पाहायला जाणार अशी बातमी आली. आम्ही कुणाला निमंत्रण दिलेलं नाही, असं तिथल्या सरकारनं जाहीर केलं. निदर्शनांची तयारी सुरू झाली. मग बेत बदलला, उपाध्यक्ष जे. डी. व्हान्सही बरोबर निघाले, आणि २८ मार्चला दोघं फक्त पिटुफिक इथल्या अमेरिकेच्याच तळावर उतरून काही तासांत परतले. १९५१ च्या करारानं अमेरिकेला मिळालेला हा तळ. पूर्वी त्याला थूल म्हणत. त्याच्या लगत इनुघुइट शिकाऱ्यांची वस्ती होती. १९५३ च्या मे महिन्यात विमानवेधी तोफांना जागा हवी म्हणून डॅनिश सरकारनं ती काही दिवसांच्या मुदतीत उठवली. सत्तावीस कुटुंबं सामान घेऊन शंभर-एक किलोमीटर उत्तरेला गेली. ती जबरदस्ती होती हे डेन्मार्कच्या न्यायालयांनी चाळीसहून अधिक वर्षांनी मान्य केलं आणि भरपाई दिली. जागा परत दिली नाही.